संगणकाचा पत्ता आणि पत्त्यातील शून्य

विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी संगणकशास्त्राविषयी एखादा लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांला फार दूर जावे लागले नाही. आमच्याच संगणक कक्षात घडलेली एक घटना मनात घर करून होती. त्या घटनेत चूक आमची होती आणि तिचा त्रास मात्र एका विद्यार्थिनीला सोसावा लागला होता. ती चूक समजून घेताना आम्हीही पुष्कळ शिकलो. ते शिकणे विद्यार्थ्यांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या कक्षात वीस संगणक आहेत. ते एका जाळ्याने जोडलेले असून प्रत्येकाला स्वतःचा अंकीय पत्ता आहे. पहिल्या संगणकाचा १९२.१६८.१.१, दुसऱ्याचा १९२.१६८.१.२ आणि याच क्रमाने विसाव्याचा १९२.१६८.१.२०. हे पत्ते आम्ही एका नोंदवहीत लिहून ठेवले होते. रकाने एकाखाली एक नीट यावेत, म्हणून हजेरीपटात जसे आपण ०१, ०२ लिहितो, तसे आम्ही प्रत्येक गट तीन आकडी करून लिहिले. त्यामुळे दहाव्या संगणकाचा पत्ता वहीत '१९२.१६८.००१.०१०' असा दिसू लागला. वही सुबक दिसत होती. त्या शून्यांनी काही बिघडेल, असे आम्हांला वाटलेही नाही.

एकदा प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना दहाव्या संगणकाचा पडदा लुकलुकू लागला. त्या जागी कोणी बसलेले नव्हते. तो आपल्या मेजावरूनच बंद करावा, म्हणून आम्ही वहीतील पत्ता जसाच्या तसा टंकून 'बंद हो' अशी आज्ञा पाठवली. दहावा संगणक लुकलुकतच राहिला. आठव्या संगणकाचा पडदा मात्र काळा पडला. तेथे नववीतील एक विद्यार्थिनी पाऊण तास काम करीत होती आणि तिने ते अजून जतन केलेले नव्हते. "सर, मी कशालाच हात लावला नाही," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तिचा पाय वीजेच्या कळीला लागला असावा, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि तिचे गुण कापले.

त्या संध्याकाळी तिच्याच वर्गातील दोन मुलांनी नोंदवही मागून घेतली आणि वहीतील वीसही पत्त्यांना एकेक हाक दिली. ००१ ते ००७ हे संगणक बरोबर उत्तर देत होते. ००८ आणि ००९ यांना हाक दिली की या नावाचा संगणक माहीत नाही, असा निरोप येत होता. ०१०ला हाक दिली की आठवा संगणक उत्तर देत होता, ०११ला नववा आणि ०१२ला दहावा. ०१७ला पंधरावा. ०१८ आणि ०१९ पुन्हा अज्ञात. ०२०ला सोळावा! वीस पत्त्यांपैकी सात बरोबर, चार निरुत्तर आणि नऊ भलत्याच दारात नेणारे. मुलांनी ही यादी दुसऱ्या दिवशी आमच्यापुढे ठेवली. तिचा अर्थ लावण्यासाठी संगणक पत्ता कसा वाचतो, हे मुळापासून पाहणे आवश्यक ठरले.

माणसाचे रूप आणि यंत्राचे रूप

आपण चार आकडे आणि तीन टिंबे असा जो पत्ता लिहितो, तो माणसाच्या सोयीसाठी आहे. यंत्राच्या दृष्टीने तो पत्ता म्हणजे ३२ बिटांची, अर्थात ३२ द्विमान अंकांची, एकच संख्या असते. या ३२ बिटांचे आठ-आठ बिटांचे चार भाग पाडले आणि प्रत्येक भाग दशमान पद्धतीत लिहिला की आपला परिचित पत्ता तयार होतो. आठ बिटांत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात; म्हणून पत्त्यातील कोणताही आकडा २५५च्या पुढे जात नाही. ही रचना १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीतील आहे.

आमच्या दहाव्या संगणकाचे उदाहरण घेऊ. १९२ला १,६७,७७,२१६ने, १६८ला ६५,५३६ने आणि १ला २५६ने गुणावे. या तीन गुणाकारांत शेवटचे १० मिळवावेत. बेरीज येते ३,२३,२२,३५,७८६. यंत्राच्या लेखी दहाव्या संगणकाचा पत्ता हाच आहे.

दोन रूपे ठेवण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण अगदी व्यवहाराचे आहे. पत्ते अक्षरांच्या रूपातच ठेवून क्रमाने लावावयास सांगितले, तर शब्दकोशाच्या न्यायाने '१९२.१६८.१.१०' हा '१९२.१६८.१.२'च्या आधी येतो. '१९२.१६८.१.१' या अक्षरांनी सुरू होणारे पत्ते शोधावयास सांगितले, तर पहिल्या संगणकाबरोबर दहावा ते एकोणिसावा हेही हाती येतात. संख्या केली की हे घोटाळे राहत नाहीत. मात्र संख्या केल्यावर माणसाला वाचता येत नाही. म्हणून या दोन रूपांमध्ये ये-जा करणारे दुभाषे लागतात. संगणकाच्या भाषेत अशा दुभाष्यांना फंक्शन म्हणतात.

जुने दुभाषे

अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ साली युनिक्स या कार्यप्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेट या मूळ जाळ्याने नवा इंटरनेट प्रोटोकॉल स्वीकारला होता. या आवृत्तीबरोबर सी भाषेत लिहिलेली दोन छोटी फंक्शने आली. पहिले 'इनेट-ॲडर', ते टिंबांचा पत्ता घेऊन संख्या देते. दुसरे 'इनेट-एन-टू-ए', ते संख्या घेऊन टिंबांचा पत्ता देते. यातील 'एन' म्हणजे नेटवर्क आणि 'ए' म्हणजे ॲस्की, अर्थात साधी अक्षरे.

'इनेट-ॲडर' हा दुभाषा फार उदार होता. पत्त्याचे चारही भाग हवेत, असा त्याचा आग्रह नसे. '१२७.१' एवढेच लिहिले, तरी शेवटचा आकडा उरलेल्या सर्व बिटांत पसरवून तो १२७.०.०.१ असे समजून घेई. एकच मोठी संख्या दिली, तर तीही चाले. म्हणजे ३२३२२३५७८६ असे लिहिले, तरी आमचा दहावा संगणकच सापडेल. आकडे दशमान, अष्टमान किंवा षोडशमान यांपैकी कोणत्याही पद्धतीत देण्याची मुभा होती. कोणता आकडा कोणत्या पद्धतीतील, हे ओळखण्यासाठी सी भाषेचाच नियम त्याने उचलला. त्या नियमाप्रमाणे ज्या आकड्याच्या आरंभी शून्य असेल, तो अष्टमान पद्धतीतील मानला जातो.

आमच्या नोंदवहीचे कोडे येथे सुटते. अष्टमान पद्धतीत अंक ० ते ७ एवढेच असतात आणि सातानंतर १० येतो. म्हणून वहीतील ०१० म्हणजे दहा नव्हे. तो एक आठ आणि शून्य, अर्थात आठ. ०२० म्हणजे दोन आठ, अर्थात सोळा. ००१ ते ००७ दोन्ही पद्धतींत सारखेच असल्याने ते बरोबर चालत होते. ००८ आणि ००९ मध्ये तर अष्टमान पद्धतीत नसलेलेच अंक आले. तो पत्ता आहे, असे यंत्राला मानताच येईना. मग हे एखाद्या संगणकाचे नाव असावे, असे समजून त्याने त्या नावाचा शोध घेतला आणि ते सापडले नाही, असे कळवले. १९८३ साली रूढ झालेली वाचनाची ही रीत आजही अनेक आज्ञावलींत जिवंत आहे.

अपयश कसे सांगावे

या फंक्शनात आणखी एक दोष होता. त्याला पत्ता समजला नाही, तर तसे सांगण्यासाठी ते उणे एक ही संख्या देई. परंतु ३२ बिटांत उणे एक लिहिला की सर्व बिटे १ होतात आणि सर्व बिटे १ असलेला पत्ता म्हणजे २५५.२५५.२५५.२५५. हा खराच पत्ता आहे. त्या जाळ्यातील सर्व संगणकांना एकाच वेळी संदेश देण्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. म्हणजे 'मला समजले नाही' आणि 'सर्वांना सांगा' या दोन निरोपांचे रूप एकच झाले! पुढे 'इनेट-ए-टू-एन' हे फंक्शन आले, तेव्हा ही अडचण दूर झाली. ते पत्ता एका वेगळ्या जागी लिहून ठेवते आणि काम झाले की नाही, एवढेच स्वतंत्रपणे सांगते. उत्तर आणि उत्तर मिळाले की नाही याची वार्ता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. पहिल्या तीन टिंबांविषयीची आणि अष्टमानाविषयीची उदारता मात्र त्यानेही तशीच ठेवली.

उलट दिशेने जाणाऱ्या 'इनेट-एन-टू-ए'ची अडचण निराळी. त्याच्याजवळ उत्तर लिहिण्यासाठी एकच पाटी असते. आपण दुसरा पत्ता विचारला की पहिला पुसून तो त्याच पाटीवर लिहितो. समजा, एकाच ओळीत 'कोणाकडून' आणि 'कोणाकडे' असे दोन पत्ते छापावयाचे आहेत. आज्ञावली फंक्शनाला दोनदा विचारते. परंतु छापताना दोन्ही वेळा ती त्याच पाटीकडे पाहते. परिणामी संदेश ज्याने पाठवला, त्यालाच तो मिळाला, असे छापून येते. आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मुद्दाम करून पाहावा. चूक डोळ्यांनी पाहिल्यावर ती विसरत नाही.

बाइटांचा क्रम

या दुभाष्यांना आणखी एका भेदाचे भान ठेवावे लागते. पत्त्याचे चार बाइट स्मृतीत कोणत्या क्रमाने ठेवावेत, याविषयी यंत्रांचे एकमत नाही. काही यंत्रे मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात, तर इंटेलच्या घराण्यातील यंत्रे लहान किमतीचा आधी ठेवतात. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी या वादावर एक टिपण लिहिले आणि अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून भांडणाऱ्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील लोकांची नावे या दोन पक्षांना दिली. बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन हे शब्द तेव्हापासून संगणकशास्त्रात रुळले.

इंटरनेटने मोठा बाइट आधी, हा क्रम ठरवून दिला आहे. यंत्राच्या क्रमातून या क्रमात नेणारे फंक्शन 'एच-टू-एन-एल' आणि परत आणणारे 'एन-टू-एच-एल'. येथे 'एच' म्हणजे होस्ट, अर्थात आपला संगणक. वर सांगितलेली पत्त्याची फंक्शने संख्या देतात, ती जाळ्याच्या क्रमातच देतात. हे ठाऊक नसलेला नवशिका तिला पुन्हा एकदा उलटवतो आणि १९२.१६८.१.१०कडे निघालेला संदेश १०.१.१६८.१९२कडे जाऊ लागतो. म्हणून हाती आलेली संख्या कोणत्या क्रमातील आहे, हे आधी विचारावे आणि मगच तिला हात लावावा.

नवे दुभाषे

बत्तीस बिटांत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. १९८१ साली ही संख्या अफाट वाटली असेल. आज जगाची लोकसंख्याच तिच्याहून मोठी आहे. जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. ही वेळ येणार, हे जाणकारांनी ओळखले होते. त्यामुळे १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती १९९५ सालीच मांडली गेली होती.

या नव्या पत्त्यांसाठी जुने दुभाषे निरुपयोगी होते. म्हणून १९९७ साली दोन नव्या फंक्शनांचे वर्णन प्रसिद्ध झाले. 'इनेट-पी-टू-एन' माणसाच्या रूपाचे यंत्राच्या रूपात रूपांतर करते आणि 'इनेट-एन-टू-पी' त्याच्या उलट. 'पी' म्हणजे प्रेझेंटेशन, अर्थात दिसण्याचे रूप. पत्ता चौथ्या आवृत्तीचा की सहाव्या, हे त्यांना आधीच सांगावे लागते.

जुन्या फंक्शनांचे दोष येथे विचारपूर्वक दूर केलेले दिसतात. 'इनेट-पी-टू-एन'ला चौथ्या आवृत्तीच्या पत्त्याचे चारही भाग लागतात आणि ते दशमानच लागतात. त्याचे निरोप तीन: १ म्हणजे काम झाले, ० म्हणजे हा पत्ता नव्हे आणि उणे १ म्हणजे तुम्ही सांगितलेली आवृत्तीच मला माहीत नाही. लिनक्सवर सामान्यपणे असणाऱ्या जी-लिब-सी या आज्ञासंचातील 'इनेट-पी-टू-एन'ला आमच्या वहीतील ०१० दाखवला, तर ते त्याचा आठ करीत नाही आणि दहाही करीत नाही. हा पत्ता नव्हे, असे स्पष्ट सांगते. 'इनेट-एन-टू-पी' स्वतःची पाटी ठेवत नाही. ती विचारणाऱ्याने द्यावी लागते आणि तिची लांबीही सांगावी लागते. पाटी अपुरी पडली, तर ते तसे कळवते. चौथ्या आवृत्तीला १६ अक्षरांची जागा लागते: बारा अंक, तीन टिंबे आणि शेवट दाखवणारी एक खूण. सहाव्या आवृत्तीसाठी ४६ अक्षरांची जागा राखून ठेवतात.

सहाव्या आवृत्तीचा पत्ता षोडशमान पद्धतीत, विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेल्या आठ गटांत लिहितात. सलग येणारे शून्याचे गट गाळून तेथे ती खूण दोनदा जोडून लिहिण्याची मुभा आहे. त्यामुळे '२००१:डीबी८:०:०:०:०:०:१' आणि '२००१:डीबी८::१' हे एकाच पत्त्याचे दोन वेष होत. अक्षरे पाहून दोन पत्ते निराळे ठरवणारी आज्ञावली येथे हमखास फसते. दोन्हींचे आधी संख्येत रूपांतर करावे आणि मग तुलना करावी, हाच खरा मार्ग. पत्ता लिहिताना सर्वांनी एकच वेष वापरावा, अशी शिफारस २०१० साली करण्यात आली.

पिन कोड आणि मुखवटा

पत्ता संख्येच्या रूपात आला की आणखी एक काम सोपे होते. त्यासाठी आपल्या पोस्टाच्या पिन कोडकडे पाहू. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी केली ती मराठी मातीतील संस्कृत पंडित व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पिन कोडचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून पत्रे निवडण्याचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन विशिष्ट कार्यालय सांगतात. दूरच्या टपाल कर्मचाऱ्याला सर्व अंक पाहण्याची गरज नसते. आरंभीचे अंक पाहून तो थैली निवडतो.

संगणकाच्या पत्त्यातही आरंभीची काही बिटे जाळ्याची असतात आणि उरलेली त्या जाळ्यातील संगणकाची. आमच्या कक्षात पहिली २४ बिटे जाळ्याची आहेत. ती वेगळी काढण्यासाठी २५५.२५५.२५५.० हा मुखवटा वापरतात. पत्ता आणि मुखवटा यांची बिटे एकाखाली एक ठेवावीत. दोन्हीकडे १ असेल तेथेच १ लिहावा, अन्यत्र ०. १९२.१६८.१.१० या पत्त्यावर हा संस्कार केला की १९२.१६८.१.० उरते. वीसही संगणकांचे उत्तर हेच येते आणि म्हणून ते एका जाळ्यातील आहेत, हे यंत्राला कळते.

पहारेकरी आणि द्वारपाल

आमच्या कक्षात झालेले नुकसान पाऊण तासाच्या कामाचे होते. याच शून्याने मोठ्या जगातही धोका निर्माण केला. २०२१ साली पायथन या भाषेच्या पत्ते तपासणाऱ्या 'आयपी-ॲड्रेस' या आज्ञासंचात आणि जावास्क्रिप्टच्या जगातील 'नेटमास्क' या आज्ञासंचात असाच दोष उघडकीस आला. आरंभीचे शून्य ते गाळून टाकत आणि उरलेला आकडा दशमान समजत. आता कल्पना करा. एखाद्या संस्थेने बाहेरच्या माणसाला आतल्या संगणकांकडे, म्हणजे १०ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांकडे जाऊ द्यावयाचे नाही, असे ठरवले. कोणी '०१२.१.२.३' हा पत्ता दिला. पहारेकऱ्याने तो १२.१.२.३ असा वाचला. हा बाहेरचा पत्ता आहे, म्हणून जाऊ दिले. आत उभ्या असलेल्या द्वारपालाने मात्र जुन्या रीतीने अष्टमान वाचून १०.१.२.३चे दार उघडले. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर होते. दोघांचे नियम एक नव्हते, हाच घात. पायथनच्या ३.९.५ या आवृत्तीपासून आरंभी शून्य असलेला असा पत्ता साफ नाकारला जातो.

यावरून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी सांगतो. पत्ता बाहेरून आत येताच, एकदाच, कडक फंक्शनाने त्याचे संख्येत रूपांतर करावे. तपासणी आणि प्रत्यक्ष काम, दोन्ही त्याच संख्येवर करावे. मूळ अक्षरे पुन्हा वाचावयास देऊ नयेत. माणसाला दाखवतानाच संख्येचा पुन्हा पत्ता करावा. आणि ज्याचे दोन अर्थ होऊ शकतात, त्याचा अर्थ अंदाजाने न लावता ते परत करावे.

ही चौथी गोष्ट आम्ही स्वतः मोडली होती. काळ्या पडलेल्या पडद्याचे दोन अर्थ संभवत होते आणि आम्हांला सोयीचा होता, तो आम्ही निवडला. मुलांची यादी हाती आल्यावर आम्ही त्या विद्यार्थिनीची संपूर्ण वर्गासमोर क्षमा मागितली, तिची परीक्षा पुन्हा घेतली आणि कापलेले गुण परत दिले. नोंदवहीतील जादा शून्ये तिनेच लाल शाईने एकेक करून खोडली. ती वही अजून कक्षात आहे. नवा विद्यार्थी प्रथम कक्षात येतो, तेव्हा त्या लाल रेघा कशाच्या, असे तो विचारतोच. आणि आमच्या कक्षातला पत्त्यांचा पहिला पाठ तेथून सुरू होतो.